तुकोबांच्या पुलावरून गेलेला कवी



वाचक माउलींनो, इ.स. १८६९ ते १८७३ या काळात आपल्या कल्याणात नारायण नावाचा एक मुलगा शाळा शिकत होता. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावनांचे, आडनाव टिळक, वडिलांचे नाव वामनराव, आईचे जानकीबाई. आगगाडी कल्याणला येऊन तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. ती आली १ मे १८५४ रोजी. मुलाची आई लहानपणीच गेली. पुढे तो नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पोटासाठी त्याने मास्तरकी केली, भिक्षुकी केली, छापखान्यात खिळे जुळवले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्र त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतो. ज्यांची शाळा माझ्या काळातली आहे, त्यांनी त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून पाठ केले आहे.

आता आपण म्हणाल, बुवा, एकादशी-द्वादशीचे लेख लिहिता लिहिता हा विषय कुठून काढला? सांगतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे हे टिळक उघडपणे सांगत असत. ज्या तुकोबांच्या पालखीमागे आपण देहूपासून पंढरीपर्यंत चालतो, त्यांच्याविषयी कोणी असे म्हणाला, तर वारकऱ्याने त्याची चौकशी करायला नको काय? रागावून सोडून देणे सोपे आहे. मी ती चौकशी बरीच वर्षे केली, आणि कीर्तनाला गळा साथ देईनासा झाला तेव्हा ती लिहून काढावी असे वाटले.

चौकशीला थोडे मागे जावे लागते. ख्रिस्ती धर्म आपल्या भागात इंग्रजांबरोबर आला असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी होता, तो पुढे साधू झाला. त्याने आपल्या ग्रंथात 'कल्लियाना' या बंदराचा उल्लेख केला आहे, आणि तिथे इराणातून नेमलेला एक बिशप असतो असे लिहिले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. हाच कॉस्मस पृथ्वी पेटीसारखी चौकोनी आहे असे सिद्ध करायला बसला होता, तेव्हा त्याच्या भूगोलाची थोरवी मी सांगत नाही. पण दूरदेशीची झाडेपाने आणि प्राणी पाहून त्याला त्यांत निर्मात्याचे कौतुक दिसले, हेही त्याच्याच ग्रंथात आहे.

त्यानंतर ठाण्याची गोष्ट. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ.स. १२९६ मध्ये, आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १३२१ साली, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. नामदेवराय तेव्हा हयात होते, हे ध्यानात घ्या. त्या चौघांबरोबर आलेला जोर्डानस नावाचा साधू त्या दिवशी ठाण्यात नव्हता म्हणून वाचला. त्याने परत येऊन आपल्या सोबत्यांना सोपाऱ्यास पुरले. एवढे दुःख झाल्यावर माणसाने या भूमीचे नाव टाकले असते. या जोर्डानसाने पुढे लॅटिन भाषेत हिंदुस्थानातल्या नवलाईंचे पुस्तक लिहिले, त्यात फणस आहे, आंबा आहे, नारळ आहे. फणस एवढा मोठा, की एक फळ कित्येकांना पुरते, याचे त्याला केवढे अप्रूप! आपल्या परसातला फणस आपण रोज पाहतो आणि मुकाट पुढे जातो.

हे झाले पाहुण्यांचे पाहणे. ते आपल्या भाषेत नव्हते, म्हणून आपल्यापर्यंत पोचले नाही. मराठीत ते पहिल्याने मोठ्या प्रमाणावर आले ते फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथात. हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला, साष्टीच्या भागात राहिला, आणि १६१९ मध्ये तिकडेच वारला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. त्यात मराठीची जी स्तुती आहे, ती फुलांच्या, सुगंधांच्या, पाखरांच्या उपमांनी केली आहे. ज्ञानेश्वरी कानावरून गेलेल्या माणसाला ती वाचताना आपल्या घरात आल्यासारखे होते.

पण माउलींनो, इथे एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्टीफन्सची ओवी गोड आहे. ती ज्या जमिनीवर उगवली ती मात्र जळालेली होती. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून त्यांच्या पोथ्या गेल्या. ते पाद्र्याला म्हणू लागले की आम्हांला पूर्वी पुराणे ऐकायला मिळत, आता ऐकायला काही नाही. त्या भुकेसाठी हे पुराण रचले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या भाषेवरच फर्मान काढले. ख्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १९०७ साली मंगळुरास रोमन लिपीतच, आणि १९५६ साली पुण्यास देवनागरीत, ते पुन्हा छापले गेले म्हणून आपल्या हाती आहे. हे सगळे ठाऊक असूनही मी ते पुराण वाचतो. ज्याने पोथी हिरावली तो राजा आणि ज्याने ओवी लिहिली तो साधू, यांना एकाच दोरीत बांधणे मला न्यायाचे वाटत नाही. आणि साधूची ओवी गोड म्हणून राजाचे पाप धुतले गेले असेही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. येशू ख्रिस्ताने उपदेश केला तो कशाच्या आधाराने? त्याच्या दृष्टान्तांची यादी केली तर ती शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या घरातली निघते. पेरणारा बी पेरतो. काही वाटेवर पडते, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या भुईत. बाई पिठात खमीर घालते आणि सगळे पीठ फुगते. दुसरी एक बाई हरवलेले नाणे शोधायला दिवा लावते, घर झाडून काढते, आणि सापडल्यावर शेजारणींना हाका मारते. मेंढपाळ शंभरातले एक चुकलेले कोकरू शोधायला जातो. मोहरीचा दाणा एवढासा, पण वाढला म्हणजे पाखरे येऊन बसतात. हे ऐकून कोणत्या वारकऱ्याला परके वाटेल? जनाबाईंचे जाते, गोरोबांची माती, सावतोबांचा मळा, सेनामहाराजांचा आरसा, नरहरी सोनारांची मूस, हे सारे त्याच जातीचे आहे.

सारखेपणा एवढ्या लवकर पटतो की फरक नजरेतून निसटतो. म्हणून मोहरीच्या दाण्यापाशी जरा थांबू. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ आणायला सांगतात. ते फोड म्हणतात, आतले बी फोड म्हणतात. आत काय दिसते? काही नाही. ज्या 'काही नाही'तून हा एवढा वड उभा आहे, ते तत्त्व तूच आहेस, असा तो उपदेश. तिथे बी आतल्या बाजूला उघडते. ख्रिस्ताच्या दृष्टान्तात मोहरी बाहेरच्या बाजूला वाढते. देवाचे राज्य लहान सुरू होते, मोठे होते, आणि पाखरांना आसरा देते. बी फोडून आत पाहा असे तो सांगत नाही. एका ठिकाणी बी म्हणजे आत्मा, दुसऱ्या ठिकाणी बी म्हणजे आसरा. आपल्याला सावतोबांच्या मळ्यातल्या भाजीत साक्षात विठाई दिसते, कारण जग हा चिद्विलास आहे असे ज्ञानोबारायांनी शिकवले. ख्रिस्ती माणूस भाजीला देव म्हणणार नाही. त्याच्या लेखी ती देवाने केलेली वस्तू, देवाने दिलेले देणे. तो भाजीकडे पाहून हात जोडील, पण हात भाजीला जोडलेले नसतील. 'शेवटी सगळे एकच' असे म्हणून हा फरक पुसणारे वक्ते मला आवडत नाहीत. त्यात ना धड आपल्या संतांचा मान राहतो, ना त्यांच्या.

टिळकांचे मन नेमके इथे अडकले. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. तिकडे आगगाडीने राजनांदगावाकडे जाताना डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा काव्यावर झाल्या, मग धर्मावर. त्याने बायबलची प्रत हाती दिली. टिळक ती वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. तिथून त्यांना पुढे जाता येईना. ते प्रवचन तुम्ही पाहा. आकाशातली पाखरे पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी त्यांचे पोट भरते, आणि रानातली फुले सूत कातीत नाहीत तरी राजापेक्षा सुंदर नटतात, हा विचार त्यातच आहे. मूळ पुस्तकातले फूल आपल्या देशी नाही, म्हणून जुन्या मराठी भाषांतरात त्याला 'भूकमळ' असा शब्द योजला. मोठा गोड शब्द! पावसाळ्यात माळशेजच्या अंगाला डोंगर फुलतात तेव्हा तो शब्द मला हटकून आठवतो.

ज्याने लहानपणी कल्याणच्या परिसरात पावसाळे पाहिले, संस्कृत काव्य पचवले, तुकोबा कंठात ठेवले, त्याला फुला-पाखरांनी बोलणारा गुरू भेटला. एवढ्यावर धर्म बदलावा काय? माझे उत्तर, नाही. आपल्या भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू केले, ते कोण? पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, समुद्र, पतंग, मधमाशी, कोळी. नाथमहाराजांनी त्यावर काशीत बसून शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये, केवढी रसाळ टीका पुरी केली! निसर्गाच्या शाळेसाठी दूर जाण्याची गरज नव्हती. पण टिळकांनी काय करायला हवे होते हे ठरवायला मी त्यांचा गुरू नाही. त्यांनी काय पाहिले ते मला बघायचे आहे.

त्यासाठी त्यांची एकच कविता पुरे, 'केवढे हे क्रौर्य'. साठी उलटलेल्या वाचकांना ती पाठ असेल. घायाळ झालेली पक्षीण धडपडत, पडत-उठत आपल्या पिलांकडे निघाली आहे. जीव जातो आहे, पण ओढ घरट्याची. आता हिच्या शेजारी अवधूताचा कपोत ठेवा. भागवतात कबुतराचे जोडपे आहे, त्यांची पिले आहेत, पारधी जाळे टाकतो, पिले सापडतात, आई त्यांच्यामागे जाळ्यात पडते, आणि बाप शोकाने वेडा होऊन स्वतःच आत शिरतो. तेच पाखरू, तेच घरटे, तोच पारधी. अवधूत त्यातून शिकतो की अतिस्नेह करू नये, संसारात गुंतलेला असाच नाशाला जातो. टिळक त्याच देखाव्यापाशी उभे राहतात, आणि त्यांना पारध्याचे क्रौर्य दिसते, आईची माया दिसते. ते पाखराला चूक ठरवीत नाहीत.

मी चाळीसहून अधिक वर्षे कपोताचा दृष्टान्त सांगत आलो. सांगताना श्रोत्यांना आसक्तीपासून सोडवायचे, हा हेतू. तो हेतू आजही मला प्रमाण आहे. परंतु सांगण्याच्या ओघात त्या कबुतरीचे काय झाले इकडे माझे लक्ष जात नसे. ती सिद्धान्ताकडे जाण्याची पायरी होती, पाय ठेवला की पुढे. टिळकांची कविता वाचल्यावर मी त्या पायरीवर थांबू लागलो. आणि थांबल्यावर लक्षात आले की आपल्या संतांनाही ही माया परकी नव्हती. नाथमहाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला काशीची कावड पाजली, तेव्हा त्यांनी त्या गाढवाचा दृष्टान्त केला नव्हता. आधी पाणी पाजले. नामदेवरायांची कथा अशी की कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. तेव्हा टिळकांनी आपल्याला नवे काही दिले असे मी म्हणत नाही. आपल्याच घरातली एक वस्तू त्यांनी उजेडात आणून ठेवली.

एकदा कल्याणात सप्ताहात मी कपोताच्या जोडीला ही पक्षीण सांगितली. कीर्तन संपल्यावर एक वृद्ध श्रोते जवळ आले. माळकरी, आषाढी-कार्तिकी न चुकवणारे. म्हणाले, "बुवा, राग मानू नका. पण नारदाच्या गादीवरून बाटलेल्या माणसाची कविता चालते का?" प्रश्न सरळ होता आणि त्यांना तो विचारायचा अधिकारही होता. मी म्हटले, "माउली, प्रमाण म्हणून चालत नाही. दृष्टान्त म्हणून चालते." आपण सारे जाणता, नारदीय कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतो, आख्यानाला मोकळीक असते. आपल्या वारकरी कीर्तनात एक अभंग घ्यायचा, त्याचे निरूपण करायचे, आणि प्रमाण द्यायचे ते संतवाणीचेच. ही शिस्त आहे आणि ती मोडू नये. पण दृष्टान्त हा जगातून येतो. कुंभार, साप, दोरी, शिंपला यांची आपण जात विचारत नाही. पाखरू टिळकांनी पाहिले म्हणून ते बाटत नाही. वृद्ध श्रोत्यांचे समाधान झाले की नाही, मला सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी ते कीर्तनाला पुढच्या रांगेत होते.

टिळकांच्या संसाराचे वर्णन त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात केले आहे. मराठीत त्या तोडीचे आत्मचरित्र मी वाचलेले नाही. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या विरहाच्या काळातले काही दिवस त्यांनी पंढरपुरात काढले. चंद्रभागेच्या काठी, विठोबाच्या गावात, लहान मूल पदरात घेऊन एक बाई आपल्या गेलेल्या-न-गेलेल्या नवऱ्यासाठी झुरते आहे, आणि तो नवरा तिकडे तुकोबांच्या छंदात ख्रिस्ताचे अभंग रचतो आहे. माउलींनो, धर्मांतर हा शब्द आपण सभेत मोठ्याने उच्चारतो. त्या घरात तो शब्द कसा वाजला असेल, याचा विचार करावा. टिळकांची फुलांची कविता गोड म्हणताना मी हे विसरत नाही.

पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे गेल्या. गेल्या तरी सोवळे त्यांचे चालूच, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनात उजाडले. पशूंच्या, पक्ष्यांच्या जाती देवाने केल्या. त्या डोळ्यांना दिसतात, आकाराने वेगळ्या असतात. माणसांत तसा वेगळेपणा कुठे दिसतो? मग या जाती माणसाने केल्या असल्या पाहिजेत. तेवढ्या एका विचाराने सोवळे गळून पडले. कोणा पाद्र्याचे व्याख्यान ऐकून हे झाले नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने गाय, घोडा, चिमणी, कावळा यांच्याकडे पाहून हा निवाडा केला. चोखोबा ज्या पायरीपाशी थांबवले गेले, ती पायरी पाहणाऱ्या आपल्या संप्रदायाने या निवाड्याला नाही म्हणू नये, असे माझे मत आहे. बाप्तिस्मा त्यांनी पुढे स्वतःच्या मनाने घेतला, तो त्यांचा मार्ग.

अहमदनगर जिल्ह्याचा योग पाहा. याच जिल्ह्यात नेवासे, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली. टिळक कुटुंब काही काळ राहुरीला राहिले. त्याच राहुरी तालुक्यात ताहराबाद, संतचरित्रकार महिपतीबुवांचे गाव. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथाही याच भागात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यापासून चालत आलेली, आणि टिळकांनी तिला जोर दिला. 'अभंगांजली' हा त्यांचा अभंगसंग्रह. बालकवी ठोमरे लहान वयात त्यांच्या घरी मुलासारखे राहिले, तेही इकडेच. पूल म्हटला म्हणजे दोन्ही बाजूंनी रहदारी आलीच. टिळकांना ज्या अमेरिकन मराठी मिशनने आश्रय दिला, त्याच मिशनचे जस्टिन ॲबट नावाचे पाद्री निवृत्त होऊन अमेरिकेस परत गेले, आणि तिथे बसून महिपतीबुवांचे संत इंग्रजीत उतरवत राहिले. नाथ, तुकोबा, आणि भक्तिविजय. ॲबट १९३२ मध्ये गेले; भक्तिविजयाचे भाषांतर त्यानंतर छापून आले. ते माळ घालून पंढरीला निघाले नाहीत. पण समुद्रापलीकडे ज्या लोकांनी विठोबाचे नाव पहिल्याने वाचले, त्यांतल्या कित्येकांनी ते या पाद्र्याच्या पुस्तकात वाचले.

टिळकांचे शेवटचे पर्व साताऱ्याचे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशासारखे राहू लागले आणि 'देवाचा दरबार' नावाचा मेळा सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघेही बसू शकत. त्यांच्याच पंथातल्या काहींना हे रुचले नाही. साहेबी पोशाख, साहेबी बाक, साहेबी चाली हे त्यांना सोसेना. देव जमिनीवर बसून, टाळ वाजवून आळवायचा, ही सवय कल्याण-नाशिकची, ती सुटेना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले; त्यांचे पहिले दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय रचले लक्ष्मीबाईंनी. त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या.

हे सगळे जुने म्हणाल, तर अलीकडचे सांगतो. वसई २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक कितीतरी वर्षे चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि वसईच्या केळीच्या बागा, विहिरी, शेते वाचावीत म्हणून हरित वसईच्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या लेखी झाड हे देवाचे देणे. देणे सांभाळावे लागते, म्हणून चळवळ. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून कुरकुर झाली होती. गोरोबाकाकांचे तेर त्याच जिल्ह्यात आहे. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले.

आणि ठाण्यातले. मासुंदा तलावापाशी कौपिनेश्वराला जाणारे वाचक तलावाजवळचे जुने चर्चही पाहत असतील. आपल्या ठाणे-वसई पट्ट्यातले जुने ख्रिस्ती, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, ते मूळचे इथलेच कोळी, आगरी, कुणबी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा 'आगेरा' असतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यांवर प्रार्थना म्हणतो, मग त्या घरोघरी जातात. आपण दसऱ्याला नवे बांधतो. झेंडू, आंब्याची पाने आणि भाताची लोंबी दाराला. दोन्ही सण एकाच पिकाचे, एकाच हंगामातले. धर्म बदलला तेव्हा भात काही बदलले नाही.

आता अडचण वेगळीच आली आहे. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत रुळाच्या दोन्ही बाजूंना खाचरे होती, ती मी पाहिली आहेत. पेरणाऱ्याचा दृष्टान्त सांगा, नाहीतर सावतोबांचा मळा सांगा. डोंबिवलीच्या आठव्या मजल्यावरच्या नातवंडाला दोन्ही सारखेच समजावून द्यावे लागतात. मोहरी त्याने फोडणीत पाहिलेली, रोप कधीच नाही. माझ्या नातीला मी गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी कल्याणच्या बाजारात नेले. मुरबाडकडून आलेल्या बाया रस्त्याच्या कडेला लोंब्यांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. नातीने एक दाणा नखाने सोलला, आत कच्चे दूध होते, ते तिच्या बोटाला लागले. तिने बाईला विचारले, "आजी, हे कुठून आणलं?" बाईने गावाचे नाव सांगितले, आणि जुडीत दोन लोंब्या जास्त घातल्या.